वास कुणी घ्यायचा?

बेसिनखालचा पाईप कधी नीट बघितलाय? तो सरळ खाली जात नाही. आधी खाली उतरतो, मग वळून थोडा वर चढतो आणि मग भिंतीत शिरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, प्लंबरकडे सरळ पाईप शिल्लक नसेल. पण ते वळण मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यात कायम दोनेक इंच पाणी साचून राहतं आणि तेवढं पाणी हाच तुमच्या घराचा आणि शहराच्या गटाराचा मधला दरवाजा असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. बाथरूमच्या जाळीखाली जो असतो त्याला आपल्याकडचे प्लंबर ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. घरातून न्हाणीघर हा शब्द गेला, पण प्लंबिंगच्या दुकानात तो अजून टिकून आहे.

मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाऊन आलात आणि कुलूप काढल्या काढल्या घरात घाण वास आला, तर समजायचं की ट्रॅपमधलं पाणी आटलं आणि तो दरवाजा उघडा राहिला. बादलीभर पाणी ओतलं की वास बंद.

वास बंद झाला म्हणजे वायू नाहीसा झाला असं नाही. तो पाण्याच्या पलीकडे थांबलाय, एवढंच. आपण नाक वाचवलं, वायू परत गटारात ढकलला. आपल्या शेजाऱ्याने तेच केलं, समोरच्या बिल्डिंगने तेच केलं, सगळ्या शहराने तेच केलं. यात कुणाचंच काही चुकलं नाही, प्रत्येक घराला ते करावंच लागतं. पण मग उरलेला प्रश्न असा: त्या वायूला कुठेतरी जायचंय, तर तो कुठून बाहेर पडावा आणि कुणाच्या नाकात जावा?

हा प्रश्न प्लंबिंगचा वाटतो. मला मात्र तो दिवसेंदिवस नीतीचा वाटायला लागलाय.

*

आधी त्या वायूशी ओळख करून घेऊ.

गटारातलं पाणी जोरात वाहत असेल तोवर त्यात थोडाफार ऑक्सिजन मिसळत राहतो. पाणी संथ झालं, गाळ बसला, पाईपच्या आतून बुळबुळीत थर चढला, की त्या थरात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. सांडपाण्यातल्या सल्फेटवर ते जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचा. सोबत मिथेन तयार होतो. त्याला स्वतःचा वास नाही, पण हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते. आणि तिथे जे नसतं तेही तितकंच महत्त्वाचं. आपण श्वास घेतो त्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. झाकण लावलेल्या चेंबरमध्ये तो त्याहून कितीतरी खाली गेलेला असू शकतो.

यातला सगळ्यात कपटी हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साठतो. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरणारी जी यंत्रणा असते तिलाच तो बंद पाडतो. सायनाइडही त्याच ठिकाणी घाव घालतं. म्हणजे फुप्फुसात हवा भरलेली असली तरी शरीर आतून गुदमरतं.

त्याचं कपट त्याच्या वासात आहे. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागसुद्धा नसताना आपल्या नाकाला तो कळतो. इतकं तीक्ष्ण नाक आपल्याला मिळालंय. पण हेच प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास ओळखणारी नसच बधिर होते. वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, बरं झालं, झाकण उघडल्यावर घाण निघून गेली. प्रमाण सातशे-हजारावर असेल तर असं काही वाटायलाही वेळ मिळत नाही. एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

म्हणजे वास येतोय तोवर तुम्हाला संधी आहे. वास थांबला की एक तर धोका टळलाय, नाही तर तो शिगेला पोचलाय. या दोन्हींतलं नेमकं काय झालंय ते नाक सांगू शकत नाही, मीटरच सांगू शकतो.

म्हणून जगभरातल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत एकच क्रम दिलेला असतो. ज्या मॅनहोलवर काम आहे त्याचं आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या मॅनहोलचं झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवायचं. ब्लोअर लावून त्याच्या लांब नळीने ताजी हवा थेट तळापर्यंत सोडायची, कारण जड वायू नुसतं झाकण उघडून वर येत नाही. मग मीटरने ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि स्फोटक वायू मोजायचे, वरच्या थरात, मध्ये आणि तळाशी. एवढं करून थांबायचं नाही. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे दहा मिनिटांपूर्वी सुरक्षित असलेली जागा आता सुरक्षित असेलच असं नाही. ब्लोअर चालू ठेवायचा, मोजत राहायचं.

यात अवघड काहीच नाही. रॉकेट सोडण्यापेक्षा हे हजारपट सोपं आहे. तरी माणसं मरतात. त्यामुळे याचं कारण विज्ञानाबाहेर शोधावं लागतं.

*

१८५८च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. नदीकाठच्या गरिबांना तो वास आधीपासूनच येत होता. खासदारांच्या नाकात तो गेला आणि मग मात्र कामाला गती आली. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखाली ८२ मैलांच्या मुख्य मलवाहिन्या बांधल्या.

त्या काळी बहुतेक डॉक्टर आणि आरोग्य-सुधारक असं मानत की रोग दुर्गंधीतूनच पसरतो. कॉलरा पाण्यातून येतो हे जॉन स्नोने १८५४मध्ये दाखवलं होतं, पण ते पटायला बराच काळ गेला. दुर्गंधी म्हणजेच रोग, ही समजूत चुकीची होती. पण तिचा एक विलक्षण परिणाम झाला. गटारातला वायू सगळ्यांना मारू शकतो असं सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून तो वायू कुठे जातो हा सगळ्यांचाच प्रश्न बनला. रस्त्यातल्या जाळ्यांमधून तो लोकांच्या तोंडावर यायचा, त्याबद्दल तक्रारी झाल्या. मग घरांच्या छपरांपेक्षा उंच लोखंडी नळ्या उभ्या राहिल्या. लंडनच्या उपनगरांत त्या अजून दिसतात, दिवा नसलेल्या दिव्याच्या खांबासारख्या. पुढे वेब नावाच्या संशोधकाने रस्त्यावरचा एक दिवाच असा बनवला की त्याच्या ज्योतीच्या उष्णतेने गटारातला वायू वर ओढला जावा आणि तिथेच जळावा. लंडनच्या कार्टिंग लेनमध्ये असा एक दिवा आजही आहे. लोकांनी त्या गल्लीच्या नावातलं एक अक्षर बदलून जो विनोद केलाय तो तुमचा तुम्ही ओळखा.

मग जंतूंचा शोध लागला. रस्त्यावरून जाणाऱ्याला गटाराच्या वासाने कॉलरा होत नाही हे सिद्ध झालं. वर राहणाऱ्यांसाठी त्या वायूची किंमत ‘मरण’वरून ‘त्रास’वर आली. खाली उतरणाऱ्यासाठी मात्र ती मरणच राहिली.

मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. धोका सगळ्यांचा आहे असं वाटत होतं तोवर उपाय सार्वजनिक होता. धोका नेमका कुणाचा आहे हे कळलं आणि तो त्याचा खाजगी प्रश्न होऊन बसला. विज्ञानाने आपली एक चुकीची भीती घालवली हे चांगलंच झालं. पण तिच्या जागी बरोबर असलेली काळजी आपोआप येत नाही. ती वेगळी निर्माण करावी लागते.

*

आता आपल्या गच्चीवर चला. पाण्याच्या टाकीशेजारी, डिशच्या मागे एक पाईप आकाशाकडे तोंड करून उभा असतो. वरती जाळी किंवा टोपी. त्यातून पाणी येत नाही, जात नाही. हा व्हेंट पाईप.

घर आणि शहराचं गटार जोडायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत घराच्या शेवटच्या चेंबरला आणखी एक मोठा ट्रॅप बसवायचे, म्हणजे शहराचा वायू आपल्या हद्दीतच यायला नको. शहराने आपल्या वायूचं आपण बघावं, हवे तर रस्त्यात खांब उभारावेत. नव्या पद्धतीत हा शेवटचा ट्रॅप गाळतात. मग रस्त्याखालच्या गटारातली हवा प्रत्येक इमारतीच्या पाईपमधून वर चढते आणि गच्चीच्याही वर जाऊन वाऱ्यात मिसळते. घरातले छोटे ट्रॅप असतातच, त्यामुळे खोल्यांत वास येत नाही. पण इमारत म्हणून आपण शहराच्या गटाराला एक नाकपुडी दिलेली असते. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शिकेतही हा विचार आहे: घरांच्या जोडणीतले अडवणारे ट्रॅप काढले तर रस्त्यावर वेगळे उंच खांब उभारायची तितकी गरज राहत नाही.

मला या दोन पद्धतींत दोन प्रकारचे नागरिक दिसतात. पहिला म्हणतो, माझ्या कुंपणाच्या आत काही यायला नको. दुसरा म्हणतो, माझ्या खोलीत नको, पण माझ्या गच्चीवरून जाऊ दे. दुसऱ्याला काही फार मोठा त्याग करावा लागत नाही. फक्त आपण एका मोठ्या पाईपला जोडलेलो आहोत हे मान्य करावं लागतं.

आमच्या सोसायटीच्या एका सभेत हा विषय निघाला होता. सेप्टिक टँकचा व्हेंट पाईप पहिल्या मजल्याच्या खिडकीशीच संपत होता आणि त्या घरात तान्हं बाळ होतं. त्यांची तक्रार शंभर टक्के रास्त होती. लगेच सूचना आली: पाईपला टोपण ठोकून टाका. टाळ्यांनी मंजूर होण्याच्या बेतात असताना मागून एका आजोबांनी विचारलं, “मग टाकी उघडायला येईल त्याचं काय?” थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, “ते लोक सवयीचे असतात, काका.” शेवटी पाईप बंद न करता गच्चीच्या वर नेला. घरटी आलेला खर्च एका पिझ्झापेक्षा कमी होता. पण ‘सवयीचे असतात’ हे वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. हायड्रोजन सल्फाइडची सवय कुणालाच होत नाही. नाकाला होते, आणि ती सवयच माणसाला मारते.

*

‘सवयीचे लोक’ कोण, हे आपल्या देशात विचारावं लागत नाही. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली. २०२४मध्ये पुढे आलेल्या आकडेवारीत सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. एकट्या अनुसूचित जातींचं प्रमाण दोन तृतीयांशाहून जास्त. कुठल्याही जातीचं हिमोग्लोबिन वेगळं नसतं, तर मग ही वाटणी कोणत्या कौशल्यावर झाली? याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, आणि माहीत असूनही आपण त्याला ‘सवय’ म्हणतो.

संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत ३७७ माणसं गेली. हे सरकारी मोजणीतले. सरकारनेच अशा ५४ मृत्यूंचं सामाजिक लेखापरीक्षण करून घेतलं, तर त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर कसलंच सुरक्षा-साधन नव्हतं.

कायदा नाही असं नाही. २०१३च्या कायद्याने कुणाही व्यक्तीला, संस्थेला, पालिकेला माणूस लावून अशी धोकादायक सफाई करून घ्यायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘कुणाही’मध्ये तुमची-माझी सोसायटी येते. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३मध्ये ती ३० लाख केली. २०१९मध्ये याच न्यायालयाने उद्विग्न होऊन म्हटलं होतं की जगात दुसरीकडे कुठे माणसांना असं गॅस चेंबरमध्ये मरायला पाठवत नाहीत.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुंबईत मॅनहोलमध्ये एक कामगार मरतो आणि एका शाहिरावर खटला भरला जातो, की तुझ्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली. त्यात कामगाराची बायको साक्ष देते: तो आधी गटारात खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. संपूर्ण सिनेमात मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट ही. एका शहराने एका माणसाला मीटर म्हणून झुरळ दिलं होतं.

*

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पैसे ठरले, तो तयार झाला, उतरला. सज्ञान माणसाच्या निर्णयाचा आदर करायला नको का?

संमती ही मोठी गोष्ट आहे, ती मी हलक्यात घेत नाही. पण संमतीला दोन पाय लागतात. एक, नाही म्हणायची सोय असणं. रोजच्या मजुरीवर घर चालणाऱ्याला ती किती असते, हे सांगायला नको. दुसरा, आपण कशाला हो म्हणतोय ते माहीत असणं. समजा पहिला पाय धडधाकट आहे असं घटकाभर मानलं, तरी दुसरा इथे तुटलेलाच आहे. उंच इमारतीला रंग देणाऱ्याला खाली दिसतं. त्याची भीती त्याच्या बाजूने काम करते. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याचं स्वतःचं नाक ऐनवेळी त्याच्याशी खोटं बोलतं. ज्या धोक्यात माणसाची इंद्रियंच फितूर होतात, तिथे मीटर न देता घेतलेला होकार हा होकारच नाही. वायू न मोजता ‘उतरतोस का?’ असं विचारण्यात प्रश्नच अर्धा विचारलेला असतो.

*

आणखी एक गोष्ट या मृत्यूंच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येते. मरणारा एकटा नसतो. दोघं असतात, तिघं असतात. पहिला उतरतो आणि हाक देईनासा होतो. दुसरा त्याला काढायला उतरतो.

२०१५मध्ये कोझिकोडमध्ये मॅनहोलमध्ये अडकलेल्या दोन कामगारांना वाचवायला एक रिक्षाचालक उतरला. तो त्यांना ओळखतही नव्हता. तिघंही गेले.

विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुठल्याही माणसाच्या काळजात चर्र होतं, असं चीनमधला मेन्सियस सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सांगत होता. त्याच्या मते माणसाच्या चांगुलपणाचा पुरावा हाच. आपण सगळे याच पुराव्यावर विश्वास ठेवून जगतो. पण गटारातला वायू नेमका याच चांगुलपणाची शिकार करतो. जो जितका चटकन धावतो तो तितका चटकन मरतो.

मग काय, दुसऱ्याने उतरू नये? हो, श्वसनाचं साधन आणि दोर नसेल तर उतरू नयेच. हे शिकवलं पाहिजे, ओरडून सांगितलं पाहिजे. पण ते सांगताना माझी जीभ अडखळते, कारण मी एका माणसाला सांगतोय की तुझ्या भावाला डोळ्यांदेखत मरू दे. त्याला अशा जागी उभं करणं हाच खरा गुन्हा आहे. जिथे योग्य वागणं म्हणजे हात बांधून बघत राहणं असतं, तिथे नीतीची वेळ आधीच टळून गेलेली असते. तिची वेळ सकाळी होती, ब्लोअर आणायचा की नाही हे ठरत होतं तेव्हा. टाकीची निविदा सगळ्यात स्वस्त माणसाला दिली तेव्हा. पाईपला टोपण ठोकायची सूचना आली तेव्हा. करुणा मॅनहोलच्या तोंडाशी सुचली तर ती दुसरा बळी घेते. ती हिशेबाच्या वहीत आधी सुचावी लागते.

*

अमेरिकी तत्त्वज्ञ टी. एम. स्कॅनलन यांनी १९९८मध्ये एका पुस्तकात एक कल्पित प्रसंग मांडलाय. टीव्ही केंद्राच्या खोलीत जोन्स नावाच्या माणसावर यंत्र पडलंय, त्याला विजेचे भयंकर झटके बसतायत. त्याला सोडवायचं तर पंधरा मिनिटं प्रक्षेपण बंद करावं लागेल, आणि त्या वेळी वर्ल्डकपचा सामना कोट्यवधी लोक बघतायत. सामना संपेपर्यंत थांबायचं का? स्कॅनलन म्हणतात, नाही. बघणाऱ्यांची संख्या कितीही वाढवा, प्रत्येकाचा तोटा छोटाच राहतो. कोट्यवधी छोट्या नाराज्यांची बेरीज करून एका माणसाच्या यातनेसमोर ठेवता येत नाही, कारण ती बेरीज भोगणारा कुणी एक माणूस नसतोच.

आपला प्रश्न याच आकाराचा आहे. एका बाजूला हजारो नाकांना अधूनमधून येणारा वास, घरटी थोडा खर्च, रस्ता अर्धा दिवस बंद. दुसऱ्या बाजूला एक श्वास. आणि इथे वायू स्वतःच आपल्याला मदत करतो. टाकीत हजार भाग असलेला तोच वायू गच्चीवरच्या वाऱ्यात मिसळला की इतका विरळ होतो की कुणाचं काही बिघडत नाही. धोका वाटला की तो नुसता भागत नाही, जवळजवळ संपतो. न्यायाची इतकी स्वस्त संधी फार क्वचित मिळते.

फरक एवढाच की जोन्स दिसतो, ओरडतो. आपला जोन्स आपण टोपण ठोकतो त्या दिवशी अस्तित्वातही नसतो. तो तीन वर्षांनी येणार असतो, टाकी तुंबल्यावर. तेव्हा आजचा सेक्रेटरी बदललेला असेल. ज्याला अजून चेहरा नाही अशा माणसासाठी आज थोडा वास सहन करणं, ही कसोटी जोन्सच्या कसोटीपेक्षा अवघड आहे.

*

एक गंभीर आक्षेप मात्र उरतो, आणि तो याच लढ्यातल्या माणसांचा आहे. सफाई कर्मचारी आंदोलनासारख्या संघटना म्हणतात, माणूस आत जाताच कामा नये. हवा खेळती करा, मास्क द्या, हातमोजे द्या, या बोलण्यातूनच पळवाट तयार होते. कायद्यातही ‘धोकादायक’ म्हणजे सुरक्षा-साधनांशिवाय अशी व्याख्या आहे. मग एक जोडी हातमोजे दिले की काम ‘सुरक्षित’ झालं असं दाखवायला ठेकेदार मोकळा. मी ज्याला न्याय म्हणतोय ती जुन्याच अन्यायाची जरा हवेशीर आवृत्ती तर नाही?

या आक्षेपाचा गाभा मला मान्य आहे. गटारात उतरणं हे सुरक्षित केलं तरी एका जातीच्या गळ्यात बांधलेलं काम म्हणून ते अन्यायाचंच राहतं. ध्येय एकच असू शकतं: आत कुणीही नाही. कोझिकोडच्या घटनेनंतर केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ यंत्रमानव बनवला आणि २०१८मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. जेटिंग आणि सक्शनच्या गाड्या तर आपल्या शहरांतही आहेत. त्यामुळे ‘पर्यायच नाही’ असं म्हणणं आता खोटं आहे.

पण वायू बाहेर काढणं हा यंत्राला पर्याय नाही, तो यंत्राचाही आधार आहे. साठलेला हायड्रोजन सल्फाइड पाईपच्या वरच्या भागात दुसऱ्या जिवाणूंमुळे गंधकाम्ल बनतो आणि काँक्रीट खातो. पाईप खचतो, रस्ता बसतो, आणि मग दुरुस्तीला पुन्हा माणूसच बोलावला जातो. वाहतं गटार, खेळती हवा, चालू यंत्र या एकाच गोष्टीच्या तीन बाजू आहेत. हवा खेळती ठेवणं म्हणजे कुणाला तरी उतरू देण्याची परवानगी नव्हे. कुणीतरी उतरण्याची वेळ येऊ नये म्हणून आपण सगळ्यांनी भरायचा तो हप्ता आहे.

*

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? तुम्ही भाड्याने राहत असाल, सोसायटीत तुम्हाला मत नसेल, तरी प्रश्न विचारायला मत लागत नाही. आपल्या इमारतीचं सांडपाणी कुठे जातं, पालिकेच्या गटारात की टाकीत? टाकी शेवटची कधी उपसली आणि कशाने, गाडीने की माणसाने? व्हेंट पाईप कुठे आहे आणि त्याचं तोंड उघडं आहे का? टाकी उघडायला येणाऱ्या ठेकेदाराकडे ब्लोअर आणि गॅस मीटर आहे का, आणि नसेल तर आपण त्याला परत पाठवणार का? कुठेही माणूस उतरवताना दिसला तर १४४२० ही हेल्पलाइन आहे.

हे प्रश्न ग्रुपवर टाकले की काही वेळ कुणी उत्तर देणार नाही. कुणी अंगठा दाखवेल. कुणी म्हणेल, जेवायच्या वेळी हा कसला विषय. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: जेवलो की दोन-तीन तासांत आपण सगळेच या विषयात भर घालणार आहोत. वास आपलाच आहे. त्यातला आपला वाटा आपण घेतला, तर तो फक्त वास राहतो.